टर्नटेबल बदलताना : आधी तबकडी पाहावी, मग यंत्र

१९७७ साली अमेरिकेच्या ‘नासा’ने अवकाशात धाडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक बारा इंची तबकडी आहे. फोंडा तालुक्यातील केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी त्या तबकडीत आहे, हे गोव्यात बहुतेकांना ठाऊक असते. तबकडीसोबत ती वाजविण्यासाठी सुई आणि कार्ट्रिजही पाठविण्यात आले, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. तबकडीचा एक फेरा ३.६ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे या वेगाने व्हावा, असेही तिच्या आवरणावर चित्रखुणांनी कोरले आहे. योग्य सुई आणि योग्य वेग नसेल तर तबकडी हाती असूनही गाणे हाती लागत नाही, हे ती पाठविणाऱ्यांनी जाणले होते.

जमिनीवरही नियम हाच आहे. अलीकडे अनेक घरांत माळ्यावरच्या तबकड्या पुन्हा खाली येऊ लागल्या आहेत. त्यासाठी आधी एखादे स्वस्त, सुटकेससारखे, स्पीकर आतच बसविलेले यंत्र घेतले जाते. काही महिन्यांनी त्याच्या मर्यादा कानांना जाणवू लागतात आणि ‘आता याहून बरे कोणते घ्यावे?’ हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर यंत्रांच्या यादीत शोधण्याआधी आपल्या तबकड्यांच्या पेटीत शोधावे, असे या लेखाचे सांगणे आहे.

हे सांगण्यामागे एक स्वानुभव आहे. बिदर जिल्ह्यात, सोलापूर–हैदराबाद महामार्गावर राजेश्वर नावाचे गाव आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि जुन्या कागदपत्रांत उर्दू अशा त्या मुलखातील आजोबांच्या घरातून नाट्यगीतांच्या तबकड्यांची एक पेटी माझ्याकडे आली. त्यांतील काही लाखेच्या होत्या, काही नंतरच्या. हौसेने आणलेल्या एका स्वस्त यंत्रावर त्यांतील एक एलपी मी महिनाभर रोज लावली. महिनाअखेरीस ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे खरखरीत उमटू लागली. पुढे चांगल्या यंत्रावर लावूनही ती खरखर गेली नाही, कारण दोष आता यंत्रात नव्हता, खाचेत उतरला होता. यंत्र बदलता येते. झिजलेली खाच पुन्हा भरून येत नाही.

आधी मोजदाद

घरातील तबकड्यांचे तीन ढीग करावेत. पहिला ढीग ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा. या लाखेच्या, जड आणि ठिसूळ असतात; दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावते. केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर, मास्टर दीनानाथ यांच्या उमेदीच्या काळातील मुद्रणे या प्रकारची आहेत. या तबकड्या फार जुन्याच असतात असेही नाही. भारतात त्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, इतक्या की बीटल्सची गाणीसुद्धा येथे ७८वर मिळत. दुसरा ढीग ४५ फेऱ्यांच्या सात इंची तबकड्यांचा. ख्रिस पेरी–लोर्ना यांची कोंकणी गाणी अनेकांकडे याच रूपात आहेत. तिसरा ढीग ३३⅓ फेऱ्यांच्या एलपींचा. त्यांच्या एका बाजूस वीस मिनिटे किंवा अधिक वादन मावते.

पहिला ढीग रिकामा असेल तर निवड सोपी होते. त्यात दहा-वीस तबकड्या जरी असल्या, तरी ७८चा वेग नसलेले यंत्र कितीही चांगले असले तरी अपुरे ठरते.

स्वस्त यंत्रात उणे काय असते

सुटकेसवजा यंत्रांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि सुईचा तबकडीवरील भार पाच-सहा ग्रॅम असतो. मध्यम प्रतीच्या यंत्रांतील मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. एलपीच्या नाजूक खाचेला हा फरक मोठा असतो. स्वस्त यंत्रात भार कमी-जास्त करण्याची सोयही नसते. शिवाय स्पीकर त्याच खोक्यात असल्याने त्याची थरथर सुईपर्यंत पोचते, आवाज वाढविला की खर्ज गढूळ होतो आणि प्रसंगी सुई उडते.

म्हणून नव्या यंत्रात तीन गोष्टी असाव्यातच : सुईचा भार ठरविता येईल असे भुजेच्या मागचे सरकते वजन, बदलता येणारे कार्ट्रिज आणि यंत्रापासून वेगळे स्पीकर. बाकीच्या गोष्टी यानंतरच्या.

सुई : सर्वांत लहान, सर्वांत महत्त्वाची

एलपी आणि ४५च्या खाचा अरुंद असतात. त्यांच्यासाठीच्या साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन असते. ७८च्या खाचा रुंद असल्याने त्यांना ६५ ते ७६ मायक्रॉनची, म्हणजे जवळजवळ चौपट जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी लोळते. तेथे संगीत नसते, साचलेली धूळ आणि जुन्या पोलादी पिनांनी केलेले ओरखडे तेवढे असतात. उलट ७८ची जाड सुई एलपीवर ठेवली तर ती खाचेत मावतच नाही आणि तबकडीची हानी होते. जुन्या रेकॉर्ड प्लेयरांत सुईची दोन टोके एका खिट्टीने उलटसुलट करता येत, त्याचे कारण हेच. आज अनेक सुटकेसवजा यंत्रांत ७८चा वेग असतो, पण सुई एकच असते. वेग मिळाला म्हणजे सोय झाली, असा समज त्यामुळे होतो.

येथे पैसे वाचविण्याची एक वाट आहे. आपल्या यंत्राला मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज आणि भार ठरविण्याची सोय आधीपासूनच असेल, तर नवे यंत्र घेण्याआधी केवळ सुई बदलून पाहावी. बऱ्याच कार्ट्रिजांत पुढचा सुईचा भाग ओढून काढता येतो व त्या जागी दुसऱ्या प्रतीची सुई बसते. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एलपीसाठी साध्यापासून सूक्ष्म घडणीपर्यंतच्या सुया आहेत आणि ७८साठी वेगळी सुईही आहे. सुई बदलली की भारही त्या सुईच्या पत्रकाप्रमाणे पुन्हा ठरवावा लागतो, हे विसरू नये.

हिऱ्याची सुईदेखील झिजते. साध्या सुईचे आयुष्य सुमारे ५०० तास धरले आणि रोज एका एलपीच्या दोन्ही बाजू, म्हणजे चाळीस मिनिटे, ऐकल्या, तर वर्षाला सुमारे २४३ तास होतात. म्हणजे दोन वर्षांनी सुई बदलण्याची तयारी ठेवावी. वापरलेले यंत्र घेताना त्यावरील सुई संपलेलीच आहे असे समजून नव्या सुईचा खर्च किमतीत मिळवावा.

वेग आणि सूर

संगीताचा कान असलेल्याला वेगातील चूक सर्वांत आधी खटकते. वेग दोन टक्क्यांनी चढला तर सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे एक तृतीयांशाने चढतो. तंबोऱ्याशी ताडून पाहणाऱ्याला तेवढे पुरते. म्हणून वेग थोडा कमी-जास्त करण्याची सोय असलेले यंत्र रागसंगीत ऐकणाऱ्यांना उपयोगी पडते. जुन्या ७८च्या तबकड्यांना तर ती हवीच, कारण त्या सगळ्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत.

परदेशातील आप्तांकडून यंत्र येणार असेल तर एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकेतील विजेची वारंवारिता ६० हर्ट्झ, आपली ५०. विजेच्या वारंवारितेवर चालणारी जुनी मोटर येथे फिरवली तर वेग पाच-षष्ठांश होतो. ३३⅓च्या जागी २७.८ फेरे होतात. ट्रान्सफॉर्मरने दाब बदलतो, वारंवारिता बदलत नाही. अशा यंत्रावर काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये ऐकू येते. ॲडाप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरच्या यंत्रांना ही अडचण येत नाही.

पट्टा की थेट मोटर?

थाळी फिरविण्याच्या प्रचलित पद्धती दोन. रबरी पट्ट्याच्या यंत्रात मोटर बाजूला असते, त्यामुळे तिची कंपने थाळीपर्यंत कमी पोचतात. पट्टा मात्र कालांतराने सैल पडतो आणि बदलावा लागतो. थेट मोटरच्या यंत्रात थाळी मोटरच्याच अक्षावर असते. वेग लवकर स्थिरावतो आणि देखभाल कमी लागते. चांगल्या घडणीची दोन्ही यंत्रे चांगलीच वाजतात. ज्याच्या तबकड्यांत तिन्ही वेग आहेत, त्याला मात्र थेट मोटर सोयीची पडते, कारण बटण दाबले की वेग बदलतो.

काही परिचित उदाहरणे पाहू. रेगाचे प्लॅनर १ साधे आणि नेटके यंत्र आहे, पण त्यात ३३⅓ आणि ४५ हेच वेग आहेत व ते बदलण्यासाठी थाळी उचलून पट्टा सरकवावा लागतो. प्रो-जेक्टच्या डेब्यू कार्बन ईव्होमध्ये ७८चा वेग पट्टा बदलून मिळतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२०एक्समध्ये थेट मोटर, तिन्ही वेग, भार ठरविण्याचे वजन आणि अंगचा प्रीॲम्प आहे. टेक्निक्सच्या प्रसिद्ध एसएल-१२०० घराण्यात जुन्या मार्क २ला ७८ नाही, अलीकडच्या मार्क ७ला आहे. नावावर विसंबू नये. नेमक्या आवृत्तीचे पत्रक वाचावे.

सुईनंतरची वाट

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघणारा विद्युतसंकेत जेमतेम पाच मिलिव्होल्टचा असतो. शिवाय एलपी मुद्रित करताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार वाढवून कोरलेला असतो. हा संकेत वाढविण्याचे आणि खर्ज-तार पूर्ववत करण्याचे काम फोनो प्रीॲम्प करतो. तो नसेल तर आवाज अगदी क्षीण व चिरका येतो. जुन्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ‘फोनो’ असे लिहिलेले भोक असेल तर वेगळा प्रीॲम्प घेण्याची गरज नाही. प्रीॲम्प दोनदा मात्र जोडू नये. यंत्रातील चालू असेल तर संकेत ॲम्प्लिफायरच्या साध्या जोडणीत द्यावा. ७८ ऐकताना ‘मोनो’ची कळ असल्यास ती दाबावी. लाखेच्या तबकडीत एकच आवाज कोरलेला असतो. दोन्ही बाजू एकत्र केल्या की खरखर कमी होते.

जुने यंत्र घेताना

मुंबईच्या चोर बाजारात किंवा ओळखीच्या घरातून जुने यंत्र घेताना आपली एक कमी मोलाची तबकडी सोबत न्यावी. थाळी हाताने फिरवून ती डगमगते का, भुजा अडखळते का, रिकाम्या खाचेत मोटरची घरघर ऐकू येते का, डावा-उजवा आवाज सारखा आहे का, हे पाहावे. चावीचा ग्रामोफोन दिसायला देखणा असतो, पण त्याच्या पोलादी पिनेवर एलपी कधीही लावू नये. ७८साठीही पिन प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते.

आपली हवा

राजेश्वरच्या पठारी, कोरड्या हवेत तबकडीचा शत्रू धूळ होती. गोव्याच्या पावसाळ्यात तो बुरशी आहे. त्या पेटीतल्या तबकड्यांवर येथे पहिल्याच श्रावणात पांढरे ठिपके दिसले. तबकड्या उभ्या, भिंतीपासून दूर आणि उन्हापासून आडोशाला ठेवाव्यात. ओलसर झालेली कागदी पाकिटे बदलावीत. एलपी स्वच्छ करण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ कापड चालते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट मात्र कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते. यंत्र समतल, न हलणाऱ्या फळीवर ठेवावे.

खर्चाचा क्रम

हाती रक्कम मर्यादित असेल तर क्रम असा धरावा : आधी योग्य सुई, मग भार ठरविता येणारी भुजा आणि स्थिर वेग असलेले यंत्र, नंतर प्रीॲम्प आणि स्पीकर. लाकडी घडण आणि चकचकीत थाळी शेवटी. पुन्हा न मिळणाऱ्या तबकड्या नव्या यंत्रावर आधी एकदा स्वच्छ करून वाजवाव्यात व त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्याव्यात. रोज ऐकायला ती प्रत आणि सणावाराला तबकडी, अशी वाटणी केली की दोन्ही टिकतात.

हे सारे जुळून येईपर्यंत एक पथ्य प्रत्येकाला पाळता येते. भार ठाऊक नसलेल्या यंत्रावर आजोबांची तबकडी लावू नये. ती इतकी वर्षे थांबली आहे. योग्य सुई येईपर्यंत आणखी थोडी थांबेल.