‘दुष्काळ’ की ‘दुष्काळसदृश’? : एका नामाचा इतिहास

१/ ‘अवकाळी’ हे मुळात विशेषण. ‘अवकाळी पाऊस’ म्हणता म्हणता पाऊस गळून पडला आणि ‘अवकाळीने द्राक्षबागा झोडपल्या’ असे आपण सहज लिहू लागलो. विशेषणाचे नाम झाले. ‘दुष्काळ’ या शब्दाचा प्रवास नेमका उलट आहे. वाईट काळ दाखवणारे हे नाम. त्यापासून ‘दुष्काळी’ हे विशेषण घडले आणि सोलापूर जिल्ह्याला कायमचे चिकटले.

२/ विशेषण चिकटले, तरी मूळ नाम उच्चारण्याचा अधिकार मात्र शासनाने स्वतःकडे ठेवला. त्याची ही कथा.

३/ १८७६-७८ च्या महादुष्काळात मुंबई इलाख्यातील सोलापूर हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्यानंतर दुष्काळ आयोगाचा १८८० चा अहवाल आला आणि १८८३ पासून दुष्काळ संहिता लागू होऊ लागल्या. ‘टंचाई’ आणि ‘दुष्काळ’ या आता दोन निरनिराळ्या पायऱ्या ठरल्या. दुसरी जाहीर केली की मदतीची बांधिलकी सरकारवर येई.

४/ म्हणूनच हा शब्द टाळण्याचा मोह निर्माण झाला. १९४३ मध्ये बंगालमध्ये लक्षावधी माणसे मेली. तरीही संहितेनुसार तेथे दुष्काळ जाहीर झालाच नाही.

५/ स्वतंत्र महाराष्ट्राने तर याहून पुढचे पाऊल उचलले. १९६३ च्या एका अधिनियमाने राज्याच्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्दच वगळला आणि त्याच्या जागी ‘टंचाई’ आणली. यापुढे दुष्काळी स्थिती उद्भवण्यास वावच नाही, अशी त्यामागची धारणा होती.

६/ अवघ्या नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. लाखो माणसे खडी फोडायला रस्त्यांवर आली. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आकाराला आला. कायद्यात ‘टंचाई’ होती. पण सोलापूरच्या माणसाने त्या वर्षाला ‘बहात्तरचा दुष्काळ’ असेच म्हटले, आजही तो तसेच म्हणतो.

७/ वगळलेले नाम परतले ते मे २०१६ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकांची सुनावणी चालू असताना शासनाने शुद्धिपत्रक काढले. ‘टंचाई’ असे लिहिले असेल तेथे ‘दुष्काळ’ असे वाचावे, हा त्याचा आशय. एका शब्दाच्या बदलाने हजारो गावे दुष्काळग्रस्त ठरली.

८/ तरी पायऱ्या उरल्याच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत ‘दुष्काळ’ जाहीर झाला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी, सांगोला, करमाळा त्यांत होते. पुढे शेकडो महसूल मंडळांच्या वाट्याला ‘दुष्काळसदृश’ हे विशेषण आले.

९/ ‘सदृश’ म्हणजे सारखे. पण तेच नव्हे. विहिरीचा तळ दोन्हीकडे सारखाच कोरडा दिसतो. म्हणून जुना अहवाल वा नवा शासननिर्णय वाचताना पावसाच्या आकड्यांइतकेच लक्ष शब्दाकडे द्यावे : तेथे नाम आहे की विशेषण, आणि ते कोणी निवडले.