आसन्न म्हणजे किती जवळ?

मंडळी, ‘अंदाजे’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. अंदाजे म्हणजे ढोबळ, चालून जाईल असं. गणिताच्या इतिहासात मात्र या शब्दाला मोठी शिस्त आहे.

इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने सांगितलं, की २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ असतो. म्हणजे गुणोत्तर ३.१४१६. पण सांगताना त्याने एक शब्द घातला: ‘आसन्न’, जवळ आलेला. हजार वर्षांनी केरळातल्या नीलकंठ सोमयाजीने यावर भाष्य करताना प्रश्न केला, की खरी संख्या सोडून आसन्न का सांगितली? त्याचं उत्तर असं: ज्या मापाने व्यास निःशेष मोजला जातो, त्या मापाने परीघ मोजला की काहीतरी शेष उरतंच. माप लहान केलं तर शेष लहान होईल, पण नाहीसा होणार नाही.

बरं, शेष उरणारच, तर करायचं काय? याचं उत्तर केरळातच, चौदाव्या शतकातल्या माधवाच्या परंपरेत सापडतं. त्यांची श्रेणी अशी: १ − १/३ + १/५ − १/७ + १/९… आणि बेरजेची चौपट. पाच पदं घेतली तर येतात ३.३४. शाळेतले २२/७ याहून कितीतरी बरे! पण या मंडळींनी उरलेला शेषच मोजायला घेतला. शेवटच्या पदानंतरच्या या दुरुस्तीला ते ‘अंत्यसंस्कार’ म्हणत. आपल्याकडे त्याचा अर्थ भलताच, पण असो.

आता बघा. पदं तीच पाच. पहिला संस्कार केला की ३.१३९७. त्याऐवजी दुसरा, अधिक सूक्ष्म संस्कार केला तर ३.१४१६६. तिसरा केला तर ३.१४१५८७. खरी किंमत ३.१४१५९३ च्या आसपास.

आणि ‘कोटी’ म्हणतात ती हीच. पदं दुप्पट करा: संस्काराविना चूक निम्मी होते, पहिल्या संस्काराने जवळजवळ आठवा हिस्सा उरते, दुसऱ्याने बत्तिसावा. नुसती चूक कमी झाली एवढंच नाही, ती कोणत्या वेगाने कमी होते हेही हातात आलं.

‘विज्ञान रोज बदलतं, मग विश्वास कशावर ठेवायचा?’ असं लोक विचारतात. त्यांना मी हे उदाहरण देतो. माधवामुळे आर्यभट खोटा ठरला नाही. त्याचे ३.१४१६ आजही आसन्नच आहेत. फक्त किती आसन्न, ते आता आपल्याला सांगता येतं.