शेवग्याचा पाला आणि कोकम-सरबत : एका तुलनेचा इतिहास

सावित्रीच्या खोऱ्यातील वीर, महाड, पोलादपूर ह्या टापूला कोकणातील दोन जुने खाद्यपदार्थ अपरिचित नाहीत : शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि कोकमाचे सरबत. ह्यांपैकी अधिक पौष्टिक कोणता, असा प्रश्न आज सहज विचारला जातो. परंतु हा प्रश्न ज्या आकड्यांवर उभा आहे, त्या आकड्यांनाही इतिहास आहे. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आयुर्वेदाने शिग्रु व वृक्षाम्ल ह्यांचा विचार रस, वीर्य आणि विपाक ह्यांच्या आधारे केला. त्यात वजनमापाला स्थान नव्हते. 1918 साली कुन्नूर येथे मॅकॅरिसन यांच्या नेतृत्वाखाली बेरीबेरीचे संशोधन सुरू झाले व अन्नाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. 1937 मध्ये आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका सिद्ध केली. तेव्हापासून शंभर ग्रॅम हे तुलनेचे माप रूढ झाले. ही संस्था 1958 मध्ये हैदराबादला गेली आणि 1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था ह्या नावाने ओळखली जाऊ लागली.

मात्र कोष्टकातील आकडा म्हणजे शिलालेख नव्हे. शंभर ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात क जीवनसत्त्व 220 व कॅल्शियम 440 मिलिग्रॅम असल्याचे जुनी कोष्टके सांगत. 2017 च्या कोष्टकांत हेच आकडे सुमारे 108 व 314 आहेत. लोहाचा आकडा तर 7 वरून 0.85 वर उतरला आणि पुढे सुमारे 4.56 वर आला. झाड, जमीन, पानांचे वय व मापनाची रीत ह्यांनी असा फरक पडतो. पानाला चिकटलेली धूळ नीट धुतली न गेल्यास मातीतील लोहही हिशेबात शिरते.

सरबताची अडचण निराळी आहे. ते निसर्गाने ठरविलेला पदार्थ नसून घरोघरी बदलणारी कृती होय. मिठातले आगळ आणि साखरेत मुरविलेले अमृतकोकम ह्यांचे मूळ फळ एक असले तरी पोषण एक नाही. एका पेल्यात 25 ग्रॅम साखर गेली, तर तिच्यापासून सुमारे 100 किलोकॅलरी मिळतात. उरलेला भाग मुख्यतः पाणी. कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा आहे. कोकमाच्याच प्रजातीतील मलबारी चिंचेत हे आम्ल लुईस व नीलकंठन यांनी 1965 मध्ये निश्चित केले. सालीचा लाल रंग अँथोसायनिनांचा. पाल्यातील कॅल्शियम व कॅरोटीन ह्यांची उणीव ह्या द्रव्यांनी भरून निघत नाही.

तुलना पानावर वाढल्या जाणाऱ्या प्रमाणाने करावयाची, तर पन्नास ग्रॅम कच्च्या पाल्यातून नव्या आकड्यांप्रमाणे सुमारे 157 मिलिग्रॅम कॅल्शियम येते. शिजविताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग नाहीसा होतो, हेही वजा केले पाहिजे. तरीही पाल्याचे पारडे जड राहते.

पण परंपरेने ही स्पर्धा कधी लावलीच नव्हती. कोकम पिकते उन्हाळ्याच्या अखेरीस. त्याचे सरबत घामाने थकलेल्या माणसाची तहान भागविते. शेवग्याचा पाला कोकणात अनेक घरी गोकुळाष्टमीला, म्हणजे ऐन पावसाळ्यात, शिजतो. एकाचे काम पाहुण्याचा सत्कार, दुसऱ्याचे जेवणाची भर. पाहुण्याला देण्याचा पदार्थ प्रतिष्ठेचा ठरतो आणि परसातला पाला फुकटचा म्हणून हलका मानला जातो. नुकसान होते ते इथे. वाढत्या मुलाच्या किंवा गरोदर स्त्रीच्या आहारात सरबताचा पेला भाजीच्या जागी आला, तर ती जागा रिकामीच राहते. अन्नाच्या इतिहासकाराने कोष्टक वाचताना आकड्याबरोबर त्याचे वर्ष, माप आणि ताटातील स्थान ही तिन्ही नोंदविली पाहिजेत.