सायकलची फ्रेम : पोलाद आणि कार्बन

पोलादाची घनता घन सेंटीमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, तर इपॉक्सी राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंची जेमतेम १.६, त्यामुळे कार्बनची फ्रेम किलोभराच्या आतही बनते. शर्यतीत हा फरक मोलाचा. १९८६ साली ग्रेग लेमाँडने कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या घाटरस्त्यांवर हिशेब बदलतो. चढणीला हलकी सायकल हवीशी वाटते खरी, पण कॅरिअरला बांधलेल्या तांदळाच्या गोणीपुढे वाचलेला किलो नगण्य. पोलाद मोडण्याआधी बहुधा वाकते. तडा गेला तर रंगातून गंजाची तांबूस रेघ डोकावते आणि वेल्डिंगवाला तो सांधून देतो. कार्बनला दगडाचा टोकदार मार बसला तर आतले थर सुटतात, वरचा रंग मात्र शाबूत राहू शकतो. नाण्याने ठोकून पाहिल्यास तेवढ्या जागी आवाज बद्द येतो. दुरुस्ती होते, पण खास कारागिराकडेच.

पोलादाचा खरा वैरी पाऊस. सीटच्या नळीतून शिरलेले पाणी पेडलच्या कण्यापाशी साचते आणि फ्रेम आतून गंजते. पावसाळा सरला की सीटचा दांडा काढून सायकल उलटी करून ठेवावी.