ॲलेक्स ब्लाश्चिन्स्की

ॲलेक्स ब्लाश्चिन्स्की हे ऑस्ट्रेलियन चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि सिडनी विद्यापीठाचे एमेरिटस प्राध्यापक आहेत. जुगाराच्या विकारावरील उपचार, त्या विकाराची कारणमीमांसा आणि जुगारापासून होणारी हानी कमी करण्याचे उपाय हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होत. लिया नोवर यांच्यासह २००२ मध्ये मांडलेले पाथवेज प्रतिमान आणि रॉबर्ट लादुसेर व हॉवर्ड शॅफर यांच्यासह २००४ मध्ये मांडलेले रीनो प्रतिमान यांसाठी ते ओळखले जातात. सिडनी विद्यापीठातील जुगार उपचार व संशोधन केंद्राचे ते संचालक होते. ‘इंटरनॅशनल गॅम्ब्लिंग स्टडीज’ या नियतकालिकाचे संपादकपदही त्यांनी सांभाळले.

पार्श्वभूमी

न्यू साउथ वेल्स राज्याने १९५६ मध्ये नोंदणीकृत क्लबांमध्ये पोकर मशीन चालवण्यास कायदेशीर मान्यता दिली. नाणे किंवा नोट टाकून बटण दाबताच काही सेकंदांत निकाल देणारी ही यंत्रे पुढे हॉटेलांतही आली आणि ऑस्ट्रेलियातील जुगाराचे प्रमुख साधन बनली. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने १९८० मध्ये आपल्या वर्गीकरण-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत विकृत जुगाराची नोंद प्रथमच मानसिक विकार म्हणून केली. २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत त्याला ‘जुगार विकार’ असे नाव देऊन व्यसनांच्या प्रकरणात स्थान देण्यात आले. 

उपचारविषयक संशोधन

नील मॅकॉनगी यांच्या नेतृत्वाखालील सिडनीतील गटात ब्लाश्चिन्स्की यांनी आरंभीचे काम केले. या गटाने १९८३ मध्ये दोन उपचारपद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या पद्धतीत जुगाराच्या विचाराशी सौम्य विद्युतधक्क्याची सांगड घातली जाई. दुसऱ्या पद्धतीत रुग्णाला शिथिल अवस्थेत नेऊन, मोह पडेल असा प्रसंग आपण जुगार न खेळताच सोडून जात आहोत, अशी कल्पना करण्यास सांगितले जाई. दुसरी पद्धत अधिक गुणकारी ठरली. रुग्णांचा दोन ते नऊ वर्षांनंतरचा पाठपुरावा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांनी जुगार पूर्णपणे सोडला नसला, तरी त्यांना त्यावर नियंत्रण ठेवता आले होते, असे त्यात आढळले. त्यामुळे संपूर्ण वर्ज्यता हेच उपचाराचे एकमेव उद्दिष्ट मानावे का, हा प्रश्न चर्चेत आला.

पाथवेज प्रतिमान

‘ॲडिक्शन’ या नियतकालिकात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ब्लाश्चिन्स्की आणि नोवर यांनी असे प्रतिपादन केले की, समस्याग्रस्त जुगारी हा एकजिनसी गट नाही. वरकरणी सारख्या दिसणाऱ्या वर्तनाकडे माणसे वेगवेगळ्या मार्गांनी येतात. त्यांनी असे तीन मार्ग सांगितले.

पहिल्या मार्गाने येणाऱ्यांना आधीपासून कोणताही मानसिक विकार नसतो. अधूनमधून आणि अनपेक्षितपणे मिळणाऱ्या बक्षिसांमुळे त्यांना जुगाराची सवय जडते. जिंकण्याच्या शक्यतेविषयी चुकीच्या समजुती दृढ होतात आणि गमावलेले पैसे परत मिळवण्यासाठी खेळणे वाढत जाते. त्यांच्यातील नैराश्य व चिंता हे बहुधा जुगाराचे परिणाम असतात.

दुसऱ्या मार्गातील व्यक्तींना चिंता, नैराश्य किंवा बालपणातील आघात यांचा त्रास आधीपासूनच असतो. दुःखद भावनांपासून सुटका मिळवण्यासाठी त्या जुगाराकडे वळतात.

तिसऱ्या मार्गातील व्यक्तींमध्ये भावनिक असुरक्षिततेच्या जोडीला तीव्र आवेगशीलता आणि समाजविघातक वर्तन आढळते. त्यांच्यावरील उपचार सर्वांत कठीण मानले जातात.

या मांडणीचा थेट परिणाम उपचारांवर होतो. पहिल्या गटाला अल्पकालीन समुपदेशन पुरेसे ठरू शकते, तर इतर दोन गटांत मूळ मानसिक अडचणींवरही उपचार करावे लागतात. मात्र जुगाराची साधने सहज उपलब्ध असणे हा तिन्ही मार्गांचा समान आरंभबिंदू आहे, हेही या प्रतिमानात स्पष्टपणे नमूद आहे. रुग्णाचा गट ओळखण्यासाठी दोघांनी तयार केलेली प्रश्नावली २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२२ मध्ये प्रतिमानाची सुधारित आवृत्ती मांडण्यात आली.

यंत्रांच्या रचनेचा अभ्यास

लुईस शार्प आणि मायकेल वॉकर यांच्यासह ब्लाश्चिन्स्की यांनी २००१ मध्ये पोकर मशीनच्या रचनेवरील अहवाल सादर केला. या अभ्यासाला जुगार उद्योगाने अर्थसाहाय्य दिले होते. चक्रे फिरण्याचा वेग कमी करणे, मोठ्या नोटा न स्वीकारणे आणि एका डावाची कमाल रक्कम १० डॉलरवरून १ डॉलरवर आणणे हे तीन बदल प्रत्यक्ष क्लब व हॉटेलांत तपासण्यात आले. ७७९ खेळाडूंच्या निरीक्षणातून असे दिसले की, १ डॉलरची मर्यादा असलेल्या यंत्रांवर लोक कमी वेळ खेळले, त्यांनी कमी पैसे गमावले आणि त्यांचे मद्यपान व धूम्रपानही कमी झाले. तीन बदलांपैकी समस्याग्रस्त जुगाऱ्यांसाठी परिणामकारक ठरण्याची शक्यता केवळ याच बदलात आढळली.

ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१० च्या अहवालात १ डॉलरच्या मर्यादेची शिफारस केली. यंत्रांवर खर्च होणाऱ्या एकूण रकमेपैकी सुमारे ४० टक्के रक्कम समस्याग्रस्त जुगाऱ्यांची असते, असा अंदाजही आयोगाने मांडला. न्यू साउथ वेल्समध्ये मात्र १० डॉलरची मर्यादा कायम राहिली.

रीनो प्रतिमान

नेवाडातील रीनो शहरावरून नाव पडलेले हे प्रतिमान ‘जबाबदार जुगार’ या संकल्पनेचा वैज्ञानिक पाया म्हणून मांडण्यात आले. जुगार खेळावा की नाही, हा अंतिम निर्णय व्यक्तीचा असतो आणि तो योग्य रीतीने घेता यावा यासाठी तिला पुरेशी माहिती मिळाली पाहिजे, हे त्याचे मध्यवर्ती तत्त्व होय. उद्योग, शासन, आरोग्यसेवक, समाज आणि खेळाडू यांनी परस्परसहकार्याने हानी कमी करावी आणि उपायांची निवड पुराव्यांच्या आधारे करावी, असेही त्यात म्हटले आहे.

टीका आणि सार्वजनिक आरोग्याचा दृष्टिकोन

रीनो प्रतिमानामुळे हानीचा भार खेळाडूवर पडतो आणि यंत्रांची रचना, जाहिराती व उपलब्धता हे विषय मागे राहतात, अशी टीका सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी केली. लिंडा हॅनकॉक आणि गॅरी स्मिथ यांनी २०१७ मध्ये, तर चार्ल्स लिव्हिंगस्टन आणि अँजेला रिंटूल यांनी २०२० मध्ये अशी भूमिका मांडली. उद्योगाच्या निधीवर होणाऱ्या संशोधनाचे स्वातंत्र्य हाही या वादाचा एक भाग आहे. प्रतिमानाच्या समर्थकांच्या मते, उद्योगाला वगळून परिणामकारक उपाय राबवणे शक्य नाही आणि बहुसंख्य लोक हानीविना जुगार खेळतात.

मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू ब्राउन आणि सहकाऱ्यांनी व्हिक्टोरिया राज्यात केलेल्या २०१६ च्या अभ्यासाने या वादाला नवे वळण दिले. कर्ज, कौटुंबिक कलह, मानसिक त्रास, आजार आणि कामावरील परिणाम अशा हानींची एकत्र गणना केल्यावर, एकूण हानीपैकी सुमारे ८५ टक्के हानी कमी व मध्यम जोखमीच्या गटांत असल्याचे त्यांना आढळले. या गटांतील प्रत्येकाची हानी कमी असली, तरी अशा व्यक्तींची संख्या फार मोठी असते. त्यामुळे केवळ रुग्णांवर उपचार करणे पुरेसे नाही, असा निष्कर्ष या अभ्यासातून काढला जातो. पॉल डेलफाब्रो आणि डॅनियल किंग यांनी हानी मोजण्याच्या या पद्धतीवर आक्षेप घेतले आहेत.

‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ४५ कोटी प्रौढांमध्ये जुगाराशी संबंधित किमान एक जोखमीचे लक्षण किंवा दुष्परिणाम आढळतो. त्यांपैकी सुमारे ८ कोटी लोकांचा जुगार विकाराच्या किंवा समस्येच्या स्वरूपाचा आहे. जुगाराकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहावे आणि त्याचे नियमन अधिक कठोर करावे, अशी शिफारस या आयोगाने केली आहे.

प्रभाव

पाथवेज प्रतिमान हे जुगाराच्या विकारावरील संशोधनात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सैद्धांतिक चौकटींपैकी एक आहे. रीनो प्रतिमानाच्या तत्त्वांचा आधार अनेक देशांतील नियामक संस्था आणि जुगार कंपन्यांनी घेतला. हानीचे मूळ व्यक्तीत शोधावे की तिच्यापुढे ठेवलेल्या खेळात, या प्रश्नावरील चर्चेत दोन्ही बाजूंचे अभ्यासक ब्लाश्चिन्स्की यांच्या संशोधनाचा आधार घेतात. माहितीपूर्ण निवडीचे समर्थक रीनो प्रतिमानाकडे बोट दाखवतात, तर रचनेवर निर्बंध मागणारे २००१ च्या अभ्यासातील १ डॉलरच्या निष्कर्षाचा दाखला देतात.