कॅलिफोर्नियात टपालाने कर भरताना कोणती तारीख ग्राह्य धरतात?

कॅलिफोर्नियात केंद्राच्या आयकराबरोबरच राज्याचाही आयकर भरावा लागतो. तो 'फ्रँचाइज टॅक्स बोर्ड' गोळा करते. विवरणपत्र टपालाने पाठवल्यास ते कधी पोहोचले यापेक्षा पाकिटावरचा टपालाचा शिक्का महत्त्वाचा असतो. साधारणपणे तो १५ एप्रिलपर्यंतचा हवा. मात्र पेटीत टाकलेल्या पत्रावर नंतरच्या दिवसाचाही शिक्का पडू शकतो. म्हणून शेवटच्या दिवशी टपाल कार्यालयाच्या खिडकीवरच शिक्का मारून घ्यावा.

चेक सोबत असेल तर पाठवायचा पत्ता वेगळा असतो. विवरणपत्रासाठी १५ ऑक्टोबरपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळते, कर भरण्यासाठी नाही. उशीर झाल्यास थकबाकीवर ५ टक्के दंड, शिवाय दरमहा अर्धा टक्का आणि व्याज लागते.