नव्या डिस्कवरची जुनी मराठी

वाङ्मयाच्या इतिहासात मुद्रणकलेला स्वतंत्र प्रकरण मिळते, टंकलेखनयंत्राच्या वाट्याला क्वचित एखादा परिच्छेद येतो. घरच्या संगणकातली हार्ड डिस्क बदलण्याच्या प्रसंगाला मात्र कोणी तळटीपही देत नाही. ते स्वाभाविकच आहे. चार स्क्रू, एक चपटी केबल आणि रविवारची एक दुपार, एवढाच तो उद्योग. तरीही १९९५ ते २००५ या काळात घरोघरच्या संगणकांवर जे मराठी लिहिले गेले त्यातले आज किती वाचता येते, असा प्रश्न विचारला की आम्हांला वारंवार याच किरकोळ प्रसंगापाशी येऊन थांबावे लागते. जुना संगणक तोच ठेवून त्यात मोठी डिस्क बसवली गेली, तेव्हा आपल्या अलीकडच्या लेखनाचे काय झाले, हे या लेखात पाहायचे आहे. उदाहरणे आमच्या नागपुरातली असली तरी अनुभव महाराष्ट्रात सर्वत्र सारखाच असावा.

आरंभ डिस्कपासून करू. १९५६ हे वर्ष नागपूरकरांच्या लक्षात आहे ते राजधानीपण गेल्याचे वर्ष म्हणून. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेत आयबीएम कंपनीने हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक जाहीर केला. त्याच्या साठवणयंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकाच आसावर फिरत आणि त्यांवर मावत ५० लाख अक्षरे. कंपनीने क्षमता अक्षरांतच सांगितली होती, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला लक्षणीय वाटावी. पाच लाख अक्षरांची एक कादंबरी धरली तर कपाटाएवढ्या त्या यंत्रात जेमतेम दहा कादंबऱ्या मावल्या असत्या. त्याही फक्त रोमन मोठ्या लिपीतल्या, कारण देवनागरीची तिथे सोयच नव्हती.

१९८० मध्ये सीगेटने तेवढीच, म्हणजे पाच एमबीची जागा सव्वापाच इंच रुंदीच्या डब्यात आणली आणि डिस्क टेबलावरच्या संगणकात शिरण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढची मोठी उडी भौतिकशास्त्राने मारली. अल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबर्ग यांना १९८८ मध्ये, स्वतंत्रपणे, असे आढळले की अतिपातळ चुंबकीय थरांचा विद्युतरोध चुंबकक्षेत्रात फार मोठ्या प्रमाणात बदलतो. या गुणधर्मावर चालणारी वाचनशीर्षे १९९७ पासून बाजारातल्या डिस्कमध्ये आली. अत्यंत सूक्ष्म चुंबकीय ठिपकाही त्यांना वाचता येऊ लागला आणि तेवढ्याच तबकडीवर कितीतरी अधिक मजकूर बसू लागला. या शोधाला २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चार जीबीच्या डिस्कवर समाधानी असलेल्या घरांना पाच-सहा वर्षांत चाळीस किंवा ऐंशी जीबीची डिस्क परवडू लागली, ती या शोधामुळे.

ही घरे आमच्या परिचयाची आहेत. १९९८-९९ च्या सुमारास प्राध्यापकांच्या, शिक्षकांच्या घरी सुटे भाग जुळवून केलेला संगणक आला. तो बैठकीत, कूलरच्या झोतापासून जरा दूर ठेवलेला असे. ओलसर हवा यंत्राला बाधेल ही भीती, आणि कूलरशिवाय नागपूरचा मे महिना काढणे अशक्य. भारनियमनासाठी शेजारी युपीएस. चार-पाच वर्षांत डिस्क भरली. ती लेखनाने भरली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. तीनशे पानांची कादंबरी देवनागरी युनिकोडमध्ये ठेवली तर सुमारे दीड एमबी जागा घेते. या हिशेबाने ऐंशी जीबीच्या डिस्कवर पन्नास हजारांहून अधिक कादंबऱ्या राहतील. डिस्क भरली ती गाण्यांनी, छायाचित्रांनी, मुलांच्या खेळांनी. लेखन तेवढे कोपऱ्यातल्या एका फोल्डरमध्ये अंग चोरून राहत होते.

नवा संगणक घ्यावा की जुन्यातच मोठी डिस्क टाकावी, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात फार वेळ टिकत नाही. डिस्क आणली जाई. पण जुन्या यंत्राला नवी डिस्क सहजी पेलत नसे. संगणकाच्या मूळ आज्ञावलीत डिस्कवरच्या प्रत्येक कप्प्याचा पत्ता लिहायला ठरावीक आकडी जागा राखलेली असते; पत्ता त्याहून लांब झाला की पुढची सारी जागा त्या यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसते. अशा भिंती एकामागून एक आल्या : आधी ५२८ एमबीची, मग ८.४ जीबीची, मग काही यंत्रांत सुमारे ३३ जीबीची, शेवटी १३७ जीबीची. आमच्यापैकी एकाच्या घरी ऐंशीची डिस्क जोडताच संगणक सुरूच होईना. डिस्कच्या पाठीवरची चिमुकली जंपर-टोपी हलवून ती बत्तीसचीच असल्याचे सोंग तिला घ्यायला लावले, तेव्हा तो चालू झाला. विंडोज ९८ मधील विभाजनाची जुनी आज्ञावली चौसष्टहून मोठी डिस्क भलतीच लहान दाखवी. आणि सारे सुरळीत झाले तरी ऐंशीच्या जागी साडेचौऱ्याहत्तरच दिसत, कारण कारखाना हजाराने मोजतो आणि विंडोज एक हजार चोवीसने.

इथवर हा यंत्राचा इतिहास झाला. मराठीचा इतिहास यापुढे सुरू होतो.

नवी डिस्क आली की बहुतेक घरांत त्याच दिवशी विंडोज एक्सपी आले. २००१ मध्ये निघालेल्या या प्रणालीला दीड जीबी मोकळी जागा लागे. तुडुंब भरलेल्या चार जीबीत ती मावत नव्हती, मोठ्या डिस्कवर मावली. तिच्यासोबत ‘मंगल’ हा युनिकोड फाँट आला आणि सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण केली की घरच्या संगणकावर खरीखुरी देवनागरी उमटू लागली. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते. आपल्या घरात ती पोचायला दहा-बारा वर्षे लागली.

तोवर आपण जे लिहीत होतो ते पडद्यावर देवनागरी आणि डिस्कवर रोमन होते. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती अशा फाँटांची युक्ती साधी होती : रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र ठेवायचे. टंकलेखनयंत्राच्या कळफलकावर बेतलेल्या कृतिदेवमध्ये ‘नागपूर’ लिहिले की डिस्कवर यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशी सहा रोमन अक्षरे जात. ‘मराठी’ म्हणजे ई, जे, के, बी, एच. दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहावेत : ‘जे’ आणि ‘के’ दोहोंत आहेत, म्हणजे एक ‘र’ आणि दुसरा काना. शिलालेख वाचणारा अशाच पायरीपायरीने पुढे जातो. दुसऱ्या फाँटात मात्र हेच नागपूर निराळ्या रोमन वेषात असे, आणि एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नसे.

आता डिस्क बदलण्याच्या दिवशी काय होई ते पाहा. घरातला जाणता मुलगा किंवा दुकानातला कारागीर जुनी डिस्क दुय्यम म्हणून जोडी, ‘माय डॉक्युमेंट्स’ नव्या डिस्कवर उतरवून घेई, गाणी मोजून घेई, आणि जुनी डिस्क पुसून किंवा काढून टाकी. कामात कसूर नव्हती. एकही फाइल मागे राहिली नव्हती. पण फाँट राहत ते विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर कोणी उतरवून घेत नसे, कारण विंडोज तर नवेच घातले होते. अशा रीतीने मजकूर आला आणि किल्ली गेली. जिने घरात युनिकोड आणले त्याच डिस्कने आधीची दहा वर्षे कुलूपबंद केली. लेखकाने पुढे केव्हातरी जुना लेख उघडला की समोर येई ती रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची रास. अनेकांनी ‘फाइल बिघडली’ असे म्हणून ती काढून टाकली. ती बिघडलेली नव्हती.

विदर्भातल्या वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे मराठी गद्याचे आद्यपीठ. तेथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केले. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि नंतर शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे पंथीय परंपरा सांगते; म्हणूनच त्याचे एकाहून अधिक पाठ आढळतात. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळा लिपीचे तत्त्वही अदलाबदलीचेच : एका अक्षराच्या जागी दुसरे. पोथ्यांच्या नकला शतकानुशतके निष्ठेने होत राहिल्या, ग्रंथ सुरक्षित राहिले. मात्र पंथाबाहेरच्या मराठी माणसाला ते असून नसल्यासारखे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ही लिपी उलगडली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. नागपुरात ह. ना. नेने आणि त्यांच्यानंतर वि. भि. कोलते यांनी या ग्रंथांच्या संपादनात आयुष्याची अनेक वर्षे घातली.

साम्य येथवर आहे, पण भेद अधिक बोलका आहे. महानुभावांनी लिपी लपवली ती जाणूनबुजून, आणि किल्ली मठांत जपली. आपण लपवण्याचा विचारही केला नव्हता आणि किल्ली जपण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. शिवाय पोथीची नक्कल करणारा लेखक अक्षर न् अक्षर वाचत असे. नक्कल म्हणजेच वाचन. डिस्कवरून डिस्कवर गेलेली फाइल कोणीही वाचलेली नसते. नक्कल इतकी अचूक आणि इतकी आंधळी पूर्वी कधी झाली नव्हती.

या फाइली आजही वाचता येतात. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके उपलब्ध आहेत. पण त्यांच्यावर विसंबणाऱ्याने पाठचिकित्सेचे डोळे उघडे ठेवावेत. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार याच्या उलट. परिवर्तक चुकला की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. मराठीचा ‘ऱ्य’ तर विशेष धोक्यात असतो. तो ‘र्य’ झाला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि आचाऱ्यांनी केलेला स्वयंपाक आचार्यांच्या नावावर जमा होतो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, त्याआधीच्या मजकुरात तो ‘अ’वर चंद्र देऊन जोडलेला आहे, आणि डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या या दोन रूपांना शोधयंत्र वेगळे मानू शकते. पोथीसंपादकाला लेखनिकाच्या सवयी ओळखाव्या लागत, तशा या परिवर्तकांच्या सवयी आता आपल्याला ओळखाव्या लागतील. हे काम संगणकतज्ज्ञाचे आहे असे आम्हांला वाटत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक संदर्भाने ठरतो, आणि संदर्भ जाणणे हा मराठीच्या विद्यार्थ्याचा व्यवसाय आहे.

वेळ मात्र फार नाही. त्या दशकात संगणकावर लिहू लागलेले अनेक प्राध्यापक आता निवृत्त झाले आहेत. काही आपल्यात नाहीत. त्यांच्या कपाटांत अर्धवट प्रबंध, एका अंकानंतर बंद पडलेल्या अनियतकालिकांच्या जुळण्या, व्याख्यानांची टिपणे आणि छापील रूपात कधीच न आलेली पत्रे एखाद्या काढून ठेवलेल्या डिस्कवर आहेत. चाळीस टाचण्यांची ती जुनी जोडणी आजच्या संगणकाला नसते. पन्नास-पन्नास वर्षे उघडली नाही तरी पोथी वाट पाहते, तशी डिस्क पाहत नाही. घर आवरताना ती रद्दीबरोबर कबाड्याकडे जाते. तेव्हा हाती आलेली अशी डिस्क जोडणीचे साधन आणून आधी संपूर्ण उतरवून घ्यावी, फाँटांच्या फोल्डरसकट. मूळ फाइल न बदलता तिच्या प्रतीवरच परिवर्तन करावे. कोणत्या फाँटातून, कोणत्या परिवर्तकाने, केव्हा, हे शीर्षस्थानी नोंदवावे. आणि शेवटी एक प्रत कागदावर काढावी. मराठी विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकेक जुनी डिस्क लघुप्रबंधासाठी नेमून दिली, तर नेने-कोलत्यांच्या गावात ते काम परंपरेला धरूनच होईल.